साबण वाढवला की वासही वाढतो

प्रश्न : आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन चार वर्षांचं आहे. गेले काही महिने दार उघडलं की कुबट वास येतो. धुतलेले कपडे वाळल्यावर ठीक वाटतात, पण टॉवेलने अंग पुसलं, तो जरा ओला झाला, की वास सुटलाच. दाराच्या रबरावर काळे ठिपके पडलेत. मी साबण वाढवून पाहिला, जास्त सुगंधाचं सॉफ्टनर आणलं, बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून मशीन रिकामं फिरवलं. दोन-चार दिवस बरं वाटलं, मग ये रे माझ्या मागल्या. बायको म्हणते मशीनच बदलू या. आई म्हणते दार उघडं टाकता म्हणून घाण आत जाते, बंद ठेवत जा. कुणाचं ऐकू?
— वासाने वैतागलेला

उत्तर : तूर्तास दोघींचंही ऐकू नका. बदलण्याइतकं मशीनचं काही बिघडलेलं दिसत नाही, आणि दार बंद ठेवलंत तर दुखणं वाढेल. शिवाय धुण्याची पद्धत आहे तीच राहिली, तर नवीन मशीनही काही महिन्यांत असंच वास मारू लागेल.

तुमच्या पत्रात मी थबकले ती 'साबण वाढवून पाहिला' या शब्दांपाशी. जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. वास येतोय म्हणजे कपडे नीट धुतले जात नाहीत, म्हणजे साबण कमी पडतोय, असा सरळ हिशोब असतो. गडबड अशी की फ्रंट लोड मशीन मुळातच कमी पाणी घेतं. तुम्ही साबण दुप्पट केलात म्हणून ते पाणी दुप्पट घेत नाही. जास्तीचा साबण खळबळून निघत नाही, तो आतच राहतो. त्यात सॉफ्टनरचा मेणचट अंश, कपड्यांतला घाम, अंगाचं तेल, त्वचेचे बारीक कण आणि धाग्यांचा भुसा मिसळतो आणि एक चिकट, राखाडी थर तयार होतो. जिवाणू आणि बुरशी या थरात राहतात आणि त्यावरच पोसल्या जातात. म्हणजे गेले काही महिने तुम्ही त्यांना रोज वाढून देत होतात.

हा थर तुम्हाला दिसत नाही, कारण दारातून दिसतो तो स्टीलचा चकचकीत ड्रम. तो ड्रम एका मोठ्या, बंद प्लास्टिकच्या टबमध्ये फिरत असतो. पाणी भरतं ते त्या बाहेरच्या टबात, आणि थर साचतो तो टबाच्या आतल्या अंगाला आणि ड्रमच्या पाठीमागे. तिथे हात पोचत नाही. गार पाण्याला तो थर दाद देत नाही.

टॉवेल ओला झाल्यावरच वास का येतो, याचंही उत्तर आहे. जपानी संशोधकांनी २०१२ साली कुबट कपड्यांच्या वासाचा छडा लावला, तेव्हा मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू हाती लागला. माणसाच्या अंगावरचं तेल आणि घाम यांतून तो एक उग्र वासाचं आम्ल तयार करतो. हा जिवाणू चिवट आहे, कोरडेपणा आणि अतिनील किरण दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. त्यामुळे कपडा वाळला तरी तो मरेलच असं नाही. ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. तेव्हा टॉवेलचा प्रश्न मशीनपासून वेगळा धरा, त्याकडे पुढे येते.

आधी ते सोडा-व्हिनेगरचं प्रकरण निकालात काढू. दोन्ही वेगवेगळे थोडेफार उपयोगी आहेत, पण एकत्र केले की एकमेकांना मारतात. एक आम्ल, दुसरा अल्कली. जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. फेस बघून डोळ्यांचं समाधान होतं, एवढंच. तुम्हाला दोन-चार दिवस जो फरक वाटला तो मशीन रिकामं फिरून नुसतं खळबळलं गेलं त्याचा असणार. व्हिनेगर वारंवार वापरल्याने रबरी भाग खराब होऊ शकतात, म्हणून काही उत्पादक ते वापरू नका असं स्पष्ट सांगतात. माझाही कल तिकडेच आहे.

आता कामाला लागू. सुट्टीचा अर्धा दिवस काढा. गरम पाण्याचं चक्र लावण्याआधी हाताने करायची कामं उरका, कारण रबरातला गाळ तसाच ठेवून मशीन फिरवलं तर तो सगळीकडे पसरेल.

सुरुवात त्या रबरापासून. याला गॅस्केट म्हणतात. मशीनचा प्लग काढा, हातमोजे घाला, दार पूर्ण उघडा आणि रबराचा पुढचा काठ बोटांनी आपल्याकडे ओढून घडी उलगडा. वरून सुरुवात करून गोल फिरत खाली या. वरचा भाग बहुधा स्वच्छच असतो. बाजूला आल्यावर बोटांना बुळबुळीतपणा लागायला सुरुवात होते आणि अगदी तळाशी, जिथे पाणी साचतं, तिथे खरा मामला असतो: केसांचे गुंते, धाग्यांचा ओला लगदा, एखादं नाणं, हेअरपिन, कधी लहान मुलाचा हरवलेला मोजा, आणि या सगळ्याला धरून बसलेला राखाडी चिखल. तळाशी त्याच घडीत बारीक भोकं असतात, साचलेलं पाणी परत टबात जावं म्हणून. ती बहुतेक वेळा लगद्याने बुजलेली सापडतात. टूथपिकने हलक्या हाताने मोकळी करा. ती बुजली की प्रत्येक धुण्यानंतर घडीत पाणी उभं राहतं, मग तुम्ही कितीही पुसा.

लगदा काढून झाला की भांड्यांच्या साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन घडी आतून-बाहेरून घासा, ओल्या फडक्याने दोनदा पुसा. मग उरतील ते काळे ठिपके. त्यांच्यासाठी क्लोरीनचं साधं ब्लीच चालतं: एक भाग ब्लीच, दहा भाग गार पाणी. त्यात जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या भिजवून, पिळून, घडीत ठिपक्यांवर दाबून बसवा. दहा मिनिटं राहू द्या. नुसतं फवारून पुसून टाकलं तर द्रव खाली ओघळतो आणि वरच्या ठिपक्यांना काही लागत नाही, पट्टीने ते जागेवर धरलं जातं. खिडकी उघडी ठेवा, जुने कपडे घाला. नंतर पट्ट्या काढून स्वच्छ पाण्याने भरपूर पुसा, प्लग लावा आणि साबण न घालता एक छोटं रिन्सचं चक्र फिरवा. ते चुकवू नका, कारण पुढच्या पायरीआधी ब्लीच पूर्ण निघून गेलेलं हवं.

एवढं करूनही काही डाग राहतील. बुरशी रबराच्या आत शिरलेली असली की डाग निघत नाही. डाग दिसतो म्हणजे बुरशी जिवंतच आहे असं नव्हे. वास गेला आणि ठिपके वाढत नसले तर ते तसेच सोडून द्या, घासत बसून रबर फाडू नका. रबर चिकट झालं असेल, चिरलं असेल किंवा दारातून पाणी झिरपत असेल, तर मात्र गॅस्केट बदलून घ्या. तो भाग सुटा मिळतो.

दुसरी जागा साबणाचा ट्रे. मध्ये एक खटका असतो, तो दाबून ट्रे पूर्ण बाहेर ओढा. सॉफ्टनरच्या कप्प्यातलं छोटं टोपणही काढा, त्याच्याखाली पाणी आणि जेलीसारखा घट्ट थर साचलेला असतो. ट्रे गरम पाण्यात भिजत ठेवा आणि तोवर मोबाइलचा टॉर्च लावून तो जिथे बसतो त्या पोकळीत, छताकडे बघा. पाणी ट्रेमध्ये पडतं ते या छताच्या भोकांतून. ट्रे लख्ख असला तरी छत काळंकुट्ट असू शकतं, आणि तिथली बुरशी प्रत्येक धुण्याच्या पाण्यासोबत कपड्यांवर येते. जर्मनीतल्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात एक जिवाणू पुन्हा पुन्हा सापडत होता. शोध घेत गेल्यावर तो बाळांच्या टोप्या-मोजे धुणाऱ्या, घरगुती पद्धतीच्या मशीनमध्ये निघाला, साबणाच्या ट्रेमध्ये आणि दाराच्या रबरावर. घाबरवायला सांगत नाही, निरोगी माणसांच्या घरात असा धोका सहसा नसतो. पण तळ ठोकायला जागा त्याच असतात, हे त्यावरून कळतं.

तिसरी जागा खालचा फिल्टर. मशीनच्या पुढच्या बाजूला, तळाशी एक छोटी झडप असते, तिच्या आत गोल फिरकीचं झाकण. बऱ्याच घरांत ते मशीन आल्यापासून एकदाही उघडलेलं नसतं. गरम पाण्याच्या धुण्यानंतर लगेच उघडू नका, पोळेल. प्लग पुन्हा काढा, खाली पसरट भांडं आणि जुनं फडकं ठेवा. शेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून आधी पाणी काढून घ्या, नसेल तर झाकण अगदी हळूहळू डावीकडे फिरवा, म्हणजे पाणी एकदम अंगावर येणार नाही. पाणी कधी वाटीभर निघतं, कधी बादली लागते. फिल्टर धुवा, आतल्या पोकळीत पंपाचं पातं दिसेल, त्याला केस किंवा दोरा गुंडाळलेला असेल तर सोडवा. झाकण परत घट्ट बसवा. पुढच्या धुण्याच्या वेळी पाच मिनिटं थांबून गळतंय का ते बघा.

आता रिकामं चक्र. मशीनमध्ये 'टब क्लीन' नावाचं चक्र असेल तर ते लावा, नसेल तर सगळ्यात जास्त तापमानाचं सुती कपड्यांचं चक्र, ९० अंश असेल तर उत्तम, निदान ६०. टब क्लीनर म्हणून मिळणारी पावडर वापरली तरी चालेल. त्यातल्या बऱ्याच पावडरींचा मुख्य घटक सोडियम परकार्बोनेट असतो. ते सुटं मिळालं तर साधारण १०० ग्रॅम थेट ड्रममध्ये टाका. गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि ते थर उचलून काढतं. शेवटी उरतं ते पाणी, ऑक्सिजन आणि धुण्याचा सोडा.

पहिल्या चक्रानंतर ड्रममध्ये काळे-करडे पापुद्रे दिसले तर दचकू नका, थर सुटू लागल्याची ती खूण आहे. ते पुसून घ्या आणि चक्र पुन्हा लावा. पापुद्रे येणं थांबेपर्यंत. मग खालचा फिल्टर परत एकदा उघडा, कारण सुटलेला सगळा माल तिथेच जाऊन अडकतो.

एक गोष्ट मी कडक शब्दांत सांगणार आहे. क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, लिंबू किंवा फरशीचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांवर घाला घालतो. अमोनिया असलेलं क्लीनरही ब्लीचसोबत नको, तेही विषारी वायूच देतं. 'थोडंसं याचं, थोडंसं त्याचं, म्हणजे जोर वाढेल' हा विचार स्वच्छतेच्या बाबतीत फार महागात पडतो. एका वेळी एकच औषध, आणि दोन औषधांच्या मध्ये भरपूर पाणी. ब्लीच गरम पाण्याच्या चक्रातही टाकू नका. ते गार पाण्याचं काम आहे.

सायट्रिक ॲसिडचा विषय निघालाच आहे तर, ते वासासाठी नसतं, क्षारांसाठी असतं. तुमच्याकडे पाणी जड असेल, नळांवर पांढरी पुटं चढत असतील, तर तशीच पुटं मशीनच्या हीटरवर आणि टबातही चढतात. खरखरीत पृष्ठभागावर मळाचा थर जास्त घट्ट धरतो, म्हणून क्षार काढण्याचा वासालाही आडून फायदा होतो. पण ते काम वेगळ्या दिवशी, आणि पाकिटावरच्या मापानेच.

एवढ्यानेही वास गेला नाही आणि तो कुबट न वाटता सडक्या अंड्यासारखा, गटाराचा वाटत असेल, तर मशीन बहुधा निर्दोष आहे. मागे जाऊन सांडपाण्याचा पाइप तपासा. तो भिंतीतल्या नळीत फार खोल खुपसलेला असेल, किंवा नीट वर उचलून न लावता जमिनीवर लोळत असेल, तर सांडपाणी आणि त्याचा वास उलट मशीनमध्ये येतो. फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या वळणातलं पाणी वाळून गेलं असेल तर तिथूनही वास वर येतो. त्यात बादलीभर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी नाकाने खात्री करा.

ज्यांच्याकडे टॉप लोड आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: तिथे हे दाराचं रबर नसतं, त्यामुळे त्रास कमी, पण धाग्यांची जाळीची पिशवी, तळाची फिरती चकती आणि ड्रमच्या वरच्या काठाखालची खाच या तीन जागा मळ धरतात. पिशवी आठवड्याला उलटी करून धुवा. मशीन पाणी तापवत नसेल तर गरम पाणी वरून ओता, पण उकळतं नको. परकार्बोनेट टाकून थोडा वेळ फिरवा, तासभर तसंच ठेवा, मग पूर्ण चक्र.

आता टॉवेल. मशीन स्वच्छ झालं तरी वास टॉवेलच्या धाग्यांत मुरलेला आहे, आणि तेच टॉवेल पुन्हा घातलेत तर सगळी मेहनत पाण्यात. पांढरे किंवा पक्क्या रंगाचे सुती टॉवेल बादलीत गरम पाणी आणि परकार्बोनेट घालून काही तास भिजवा. लोकर आणि रेशीम यांना हे चालत नाही. मग ६० अंशांवर धुवा, सॉफ्टनर न घालता. खरं तर टॉवेलांना सॉफ्टनर कधीच घालू नये. त्याने टॉवेल मऊ लागतो, पण धाग्यांवर मेणचट लेप बसल्याने पाणी कमी शोषतो. वासाच्या जोडीला तो दुसरा तोटा.

यापुढे काय बदलायचं? साबण पहिल्यांदा. आहे त्याच्या निम्मा करा आणि कपडे नीट निघतात का ते बघा. जास्त पडतोय का हे तपासायची सोपी युक्ती: धुतलेले कपडे साबणाशिवाय पुन्हा रिन्सला लावा आणि काचेतून बघा. पाणी फेसाळलं तर तुमचं माप जास्त आहे. नेहमी लिक्विड आणि गार पाणी वापरत असाल तर अधूनमधून पावडर वापरा. बऱ्याच पावडरींमध्ये ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे परकार्बोनेटच्या जातीचं, असतं, लिक्विडमध्ये ते सहसा नसतं. चादरी-टॉवेलांसाठी आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा ६० अंशांचं चक्र लावा. वीज वाचवायची म्हणून सगळंच ३० अंशांवर धुणारी घरं मी समजू शकते, पण मग महिन्यातून एकदा रिकामं गरम चक्र चुकवू नका.

दाराबद्दल आईंची काळजी चुकीची नाही, पण इथे ओल धुळीपेक्षा कितीतरी जास्त घातक आहे. हे दार हवाबंद असतं. धुणं संपल्यावर ते लावून टाकलंत तर आतली ओल जायला वाट उरत नाही. मधला मार्ग असा: कपडे लगेच काढा, कोरड्या फडक्याने रबराची घडी आणि काच पुसा, ट्रे अर्धा बाहेर ओढून ठेवा आणि दार चार बोटं उघडं राहू द्या. धूळ चार बोटांच्या फटीतून फार जात नाही, आणि जी जाईल ती पुढच्या धुण्यात निघून जाईल. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मशीनच्या खोलीचं दार लावून घ्या, कारण दोघांनाही ड्रममध्ये शिरायला आवडतं. आणि ड्रमचा मळक्या कपड्यांची टोपली म्हणून वापर बंद. ओला टॉवेल दोन दिवस आत कोंबून ठेवला तर वर सांगितलेलं सगळं फुकट.

मेकॅनिक बोलवायचा तो तीन कारणांसाठी: पाणी पूर्ण निघत नसेल, दोन-तीन गरम चक्रांनंतरही कुबट वास तसाच असेल, किंवा वास जळकट असेल. जळका वास आला तर प्लग काढा आणि स्वतः काही उघडू नका, तो पट्ट्याचा किंवा वायरिंगचा मामला असू शकतो. कुबट वासासाठी तो टब उघडणार असेल तर शेजारी उभे राहा आणि ड्रमची पाठ दाखवायला सांगा. तिथे तीन हातांचा एक धातूचा आधार असतो, बहुधा ॲल्युमिनियमचा. तो साबणाच्या थराखाली वर्षानुवर्षं झिजत जातो. नुसता मळलेला असेल तर घासून परत बसवता येतो. खड्डे पडून पोखरला असेल किंवा एखाद्या हाताला तडा गेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च विचारून घ्या. बायकोच्या सूचनेचा विचार तेव्हा करा.